एकोणिसाचा पाढा

“इंटिग्रेशनपासून सुरुवात करायची का ट्रिगोनोमेट्रीपासून?”

पोरीनं पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नव्हती अजून. दारात उभी, अंगावरून पाणी निथळतंय, आणि ही विचारतेय सुरुवात कुठून करायची.

मास्तरबुवा डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला.

“आधी आत ये,” ते म्हणाले.

आमचा मठ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. पठाराच्या टोकाला दोन खोल्या, एक समाधी, पाण्याची टाकी. वर पवनचक्क्या आहेत, पण पावसाळ्यात धुकं असं बसतं की त्या दिसत नाहीत, नुसता घूं घूं आवाज येत राहतो. नवीन माणूस घाबरतो. मला आता त्या आवाजाशिवाय झोप लागत नाही.

मास्तरबुवांनी तालुक्याच्या हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलं. बायको गेल्यावर इथं येऊन राहिले. दीक्षा नाही, भगवं नाही, काही नाही. लोकांनीच त्यांना बुवा करून टाकलं. मी एस.टी.वर ड्रायव्हर होतो. आता इथं भाकरी थापतो आणि येईल त्याच्यावर खेकसतो. दोन्ही कामं मला झेपतात.

खेकसावंच लागतं. गणितातले बुवा आहेत म्हटल्यावर लोक मटक्याचा आकडा विचारायला येतात. त्यांना मी पायरीवरूनच वाटेला लावतो.

हिलाही लावणार होतो. पण पोर कुडकुडत होती, म्हणून गपचूप चहा टाकला.

“नाव काय?” बुवांनी विचारलं.

“हर्षाली सपकाळ. सोमवारी कॉलेज सुरू होतंय माझं. इंजिनिअरिंग. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं आहे.”

“बरं.”

“पहिल्याच आठवड्यात ते गणिताची परीक्षा घेतात. कुणाचा पाया कच्चा आहे ते बघायला.”

“तुझा कच्चा आहे?”

“नाही.” ती एकदम ताठ झाली. “बारावीला तालुक्यात गणितात पहिली होते मी. वर्षभर हात लागला नाही, एवढंच. जरा गंज चढलाय. एका दिवसात उतरेल तेवढा उतरवून द्या.”

“वर्षभर हात का नाही लागला?”

“घरची अडचण होती.”

बुवा तिच्याकडे बघत राहिले. तिनं मान वळवली आणि सॅकमधून पुस्तकं काढायला लागली. जाडजूड पुस्तकं, एकावर एक. माझ्या चहाच्या कपाला जागा उरेना.

“ती ठेव आत,” बुवा म्हणाले. “पाढे येतात?”

पोरगी हसली. हसणं चांगलं नव्हतं ते. मोठ्या माणसाची कीव करावी तसं होतं.

“मास्तरबुवा, मी इंजिनिअरिंगला चाललेय.”

“कुठं चाललीस ते मी विचारलं नाही.”

“येतात. तीसपर्यंत. झोपेतून उठवलंत तरी म्हणेन.”

“झोपेतून नको. अशीच म्हण. एकोणिसाचा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हातारा चळला आहे का, असं विचारल्यासारखं. मी चहा गाळत राहिलो. मग तिनं हाताची घडी घातली, छताकडे बघितलं आणि सुरू केलं. आवाज खणखणीत होता.

“एकोणीस एके एकोणीस...”

“एकोणीस त्रिक सत्तावन्न...”

“एकोणीस पाचे पंच्याण्णव...”

मी गाळणं तसंच धरून उभा राहिलो.

“एकोणीस साते एकशे तेहतीस...”

“एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर...”

आणि ती थांबली. झालं माझं, अशा तोऱ्यात बुवांकडे बघायला लागली.

मला हसूच आलं. तालुक्यात पहिली म्हणे! मी म्हटलं, “अहो बाई, निम्मा पाढा खाल्लात की.”

“काय?”

“दुणे कुठं गेलं? चोक कुठं गेलं?”

“म्हटलं की मी.”

“कुठं म्हटलंत?”

“सगळा म्हटला. काका, तुमचं लक्ष नव्हतं.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. काही लोक चुकतात आणि वर भांडतात. एस.टी.त असे रोज भेटायचे. मी तोंड उघडणार तेवढ्यात बुवांनी हात वर केला. मी गप्प बसलो. त्यांच्यापुढं मी गप्प बसतो, दुसऱ्या कुणापुढं बसत नाही.

“परत म्हण,” बुवा म्हणाले.

तिनं परत म्हटला. परत तसाच. एके, मग गप्प. त्रिक, मग गप्प. बरं, घाईघाईत गाळत होती असंही नाही. प्रत्येक ओळ झाली की ती थांबायची, पुरती एक ओळ जाईल एवढी, आणि मान किंचित मागं वळवायची. तिचं तिलाही ते कळत नव्हतं.

“एकोणीस चोक?” बुवांनी मध्येच विचारलं.

“एकोणीस चोक...”

...

“विसा चोक ऐंशी, त्यातून चार गेले. शहात्तर.”

“हे तू काढलंस. म्हटलं नाहीस.”

तिनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बुवांनी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. वर पवनचक्की फिरत होती.

“गाव कुठलं तुझं?”

“जांभूळवाडी.”

“म्हणजे कड्याच्या वाटेनं शाळेला यायचीस.”

“हो.”

“पुढं असायचीस का मागं?”

कप तिच्या हातातच राहिला. तोंडापर्यंत गेला नाही आणि खालीही आला नाही.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. आणि मघाशी हसलो त्याची लाज वाटली.

जांभूळवाडीच्या पोरांची एक रीत आहे. त्यांची शाळेची वाट कड्याच्या कडेनं येते. एका वेळी एकच माणूस चालेल एवढी रुंद. पावसाळ्यात धुकं असलं की पुढच्याला मागचा दिसत नाही. हाका मारल्या तर वारा त्या भलतीकडेच नेतो, हाक कुठून आली ते समजत नाही. म्हणून ती पोरं पाढे म्हणत येतात. एक ओळ पुढच्याची, एक मागच्याची. पुढच्यानं एके म्हणायचं, मागच्यानं दुणे म्हणायचं. मागून ओळ आली की समजायचं, आहे बाबा, येतोय. ओळ आली नाही तर पुढच्यानं पाऊल टाकायचं नाही. जागेवर उभं राहायचं. त्या वाडीत हा नियम चालायला लागलेल्या पोरालासुद्धा माहीत असतो.

मी त्या फाट्यावर कितीतरी वेळा गाडी उभी केली आहे. पोरं दिसायच्या आधी पाढे दिसायचे म्हणा ना. पांढऱ्या धुक्यातून नुसते आकडे यायचे, दोन आवाजांत. मग दप्तरं यायची, आणि सगळ्यात शेवटी पोरं.

“पुढं,” हर्षाली म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता.

“आणि मागं?”

“कस्तुरी.”

“बहीण?”

“काकांची. एका वर्गात होतो. पहिलीपासून.”

“कुठं असते?”

...

“गेली.”

तिनं कप खाली ठेवला.

“गेल्या वर्षी. याच दिवसांत. कावीळ झाली. आधी कुणी मनावरच घेतलं नाही. दोघींचं नाव एकाच कॉलेजात लागलं होतं. खोली ठरली होती. कोण खिडकीशी झोपणार त्यावरून भांडलो होतो आम्ही.”

असं कुणी सांगितलं की मी लगेच ‘अरेरे’ म्हणतो. त्या दिवशी मी तिचा गार झालेला कप उचलला आणि परत चहा ओतला.

“मी गेलेच नाही मग,” ती म्हणाली. “सीट गेली. या वर्षी परत मिळाली. आप्पा म्हणतात, झेपत नसेल तर राहू दे. काकू म्हणते, जा, तिच्या वाटचंही तूच शीक. सगळे तेच म्हणतात. दोघींचं तूच पूर्ण कर.”

“तू काय म्हणतेस?”

“मी काय म्हणणार? मला गणितच येईना झालंय.”

हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. चेहऱ्यावरच दिसत होतं ते. मघाचा ताठा कुठल्या कुठं गेला होता.

“येईना म्हणजे?”

“गणित वाचते. समजतं. पहिली पायरी लिहिते. दुसरीला हात थांबतो. येत नाही असं नाही. पण पुढं जाववत नाही. तशीच बसून राहते, अर्धा अर्धा तास. आई येऊन दिवा घालवते.” तिनं नाक पुसलं. “आम्ही गणितंही तशीच सोडवायचो. एक पायरी माझी, एक तिची. सवयच होती. वाटलं, उजळणी केली की होईल. सगळी पुस्तकं पहिल्यापासून काढली. पहिल्या पानावरच अडकते.”

“हं.”

“उद्या सकाळी गाडी आहे. आज काय ते ठरवायचंय. तिथं जाऊन पहिल्या आठवड्यात अशीच थांबले तर? चारचौघांत? तालुक्यात पहिली आलेली मुलगी?” ती थांबली. “तुम्ही सांगा. जाऊ का राहू?”

बुवा उठले. गुडघे धरूनच उठतात ते. कोपऱ्यातली काठी घेतली आणि दाराशी गेले.

बाहेर धुकं असं होतं की पायरीच्या खालचं काही दिसत नव्हतं. फाटक आहे समोर, पण ते माहीत होतं म्हणून.

“फाटकापर्यंत जाऊन ये,” बुवा म्हणाले. “पाढा म्हणत जा. एकोणिसाचाच.”

“आत्ता?”

“मी मागं आहे.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मला तो चेहरा नीट आठवतो. इतकी आशा होती त्या चेहऱ्यावर की मी दुसरीकडे बघितलं.

ती उतरली. दोन पावलं गेली आणि दिसेनाशी झाली. मग धुक्यातून आवाज आला.

“एकोणीस एके एकोणीस...”

मी बुवांकडे बघितलं. म्हटलं, आता म्हणतील.

ते गप्प उभे.

धुक्यात ती थांबलेली असणार. पावलं वाजत नव्हती. वाट बघत होती पोर. मला राहवेना. नुसता एक आकडा तर म्हणायचा होता, त्यानं काय कुणाचं बिघडणार होतं? ‘दुणे अडतीस’ माझ्या ओठावर आलंच होतं. तेवढ्यात बुवांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

...

...

“एकोणीस त्रिक सत्तावन्न...”

आवाज हलला होता. पण पावलं वाजली.

परत गप्प. मला बुवांचा भयंकर राग आला होता. मागं आहे म्हणून सांगायचं आणि तोंड मिटून उभं राहायचं, ही कुठली रीत? मी मनगट सोडवायला बघत होतो. ते सोडत नव्हते.

“एकोणीस पाचे... पंच्याण्णव...”

ती रडत होती. स्पष्ट ऐकू येत होतं. लपवतही नव्हती. धुक्यात कोण बघतंय.

आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. ना पावलं, ना आवाज. मला वाटलं, गेली ही. वाट फुटेल तिकडं गेली. पलीकडे उतार आहे. मी म्हटलं, “बुवा, आता तरी हाक मारा.”

त्यांनी मान हलवली. नाही.

...

“एकोणीस साते एकशे तेहतीस...”

लांबून. पण चुकलं नव्हतं.

...

“एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर...”

फाटकाची कडी वाजली. पोचली होती. मी इतका मोठा श्वास सोडला की बुवा माझ्याकडे बघून हसले. मनगट सोडलं. बोटांचे वळ उठले होते.

तिला परत यायला वेळ लागला. आली तेव्हा केस गळ्याला चिकटले होते, डोळे लाल झाले होते. पायरीपाशी उभी राहिली. वर आली नाही.

“तुम्ही म्हटलं नाहीत.”

“नाही.”

“मागं आहे म्हणालात.”

“होतो की. इथंच होतो.”

“मी प्रत्येक ओळीला थांबले.”

“ऐकलं मी.”

“मग का नाही म्हटलं?” ती ओरडली नाही, पण ओरडली असती तर बरं, असं वाटावं अशा आवाजात विचारलं.

बुवा पायरीवर बसले. काठी आडवी ठेवली. तिलाही बसायची खूण केली. ती बसली नाही.

“अडतीस कुणी म्हटलं?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही.”

“शहात्तर?”

“कुणीच नाही.”

“मग सत्तावन्न बरोबर कसे आले? पंच्याण्णव कसे आले?”

...

ती बघत राहिली त्यांच्याकडे. मीही मनातल्या मनात हिशेब करत होतो, एकोणीस, मग काही नाही, मग सत्तावन्न. एकोणीस आणि सत्तावन्नच्या मध्ये काही नसतं तर सत्तावन्न आले नसते, हे मलाही कळत होतं. पण त्याच्या पुढं काय ते सांगता आलं नसतं.

पोरगी मटकन पायरीवर बसली.

“मला गणित नकोय हो,” ती म्हणाली. “मला ती हवीय. त्या खोलीत खिडकीशी कुणी भांडायला नसेल. बाकावर शेजारी कुणी तरी बसेल, आणि ती कस्तुरी नसेल. मला भीती वाटते. आज इथं आले तेवढीच, नाहीतर मी कधीच एकटी कुठं गेले नाही. फाट्यापर्यंतसुद्धा नाही.”

एवढं सगळं ती एका दमात बोलली आणि मग हुंदके द्यायला लागली. बुवांनी तिच्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. नुसते शेजारी बसून राहिले. मला वाटतं, त्यांचेही डोळे भरले होते. पण धुक्यात सगळ्यांचेच चेहरे ओले असतात.

मी आत जाऊन भाकरी आणि ताक घेऊन आलो. दुसरं काय करणार? तिनं तुकडा मोडला, खाल्ला नाही.

“मास्तरबुवा.”

“बोल.”

“तिच्या ओळी मी म्हणू का? सगळे सांगतात तसं? दोन्ही मीच म्हटल्या तर पाढा पूर्ण होईल. अडकायला नको.”

“म्हणून बघितल्या असशील.”

“हो. घरी. एकटीनं.”

“मग?”

“तिचा आवाज बंद होतो. म्हणजे... मी म्हणते तेव्हा तो यायचाच थांबतो. मग मी म्हणायचं सोडून दिलं.”

“नको म्हणूस.”

“मग त्या ओळीला काय करू?”

“थांब.”

“परीक्षेतही?”

“परीक्षेतही. आत्ता थांबलीस तेवढीच. फाटकापर्यंत पोचलीस ना?”

तिनं फाटकाच्या दिशेनं बघितलं. दिसत तर काही नव्हतं.

वाऱ्यानं धुकं थोडं हललं आणि परत बसलं. मला वाटलं, संपलं बोलणं. मी ताकाचा पेला उचलला. पण पोर उठत नव्हती. हातातला भाकरीचा तुकडा नुसता कुस्करत होती.

“एक सांगू?” ती शेवटी म्हणाली.

“सांग.”

“दाहेची ओळ तिची असायची. मी एकेनं सुरू करायची, म्हणजे शेवटची तिच्याच वाट्याला यायची. प्रत्येक पाढ्याची. दाहे ती इतकी जोरात म्हणायची की खालच्या वाडीत ऐकू जायचं.” ती हसली. या वेळचं हसणं वेगळं होतं, आणि ते लगेच मोडलं. “आत्ता मी फाटकाशी उभी होते ना, ते त्याच्यासाठी. नव्वे म्हटलं आणि उभी राहिले. बाकीच्या ओळींना थांबले आणि पुढं गेले, ते जमलं. पण दाहेच्या पुढं ओळच नाही. ती म्हटलीच नाही तर पाढा संपत नाही. वर्ष झालं, मी तिथंच उभी आहे.”

बुवांनी काठी टेकली. उठायला मी हात दिला, त्यांनी तो घेतला नाही.

“ती दाहे म्हणाली की तुम्ही काय करायचात?”

“पुढचा पाढा धरायचो.”

“कोण धरायचं?”

...

“मी.”

बुवा उंबरा ओलांडून आत गेले. आतूनच त्यांचा आवाज आला.

“मग संपवायला कुणी सांगितलं? विसाचा धर.”